उतरणारं आहे का कोणी?

साल 1986 असावं. पावसाळा नुकताच सरला होता. सकाळची नांदगाव-औरंगाबाद गाडी स्थानकात लागली होती आणि मी तिकिटांचा ट्रे काखेत मारून पायरीवर उभा होतो. रेल्वे स्टेशनाकडून एक गोरा म्हातारा चालत आला. पाठीवर पिशवी, पायात धुळीनं माखलेले बूट आणि हातात जिल्द सुटलेलं लाल पुस्तक. पुस्तकातल्या एका ओळीवर बोट ठेवून तो मला म्हणाला, "एलोरा."

आमचा ड्रायव्हर खिडकीतून हसला. "अरे, वेरूळला जायला लोक औरंगाबादला उतरतात. हा बाबा नांदगावला कशाला उतरला?"

गाडीत एक गुरुजी बसलेले होते. त्यांनी पुस्तक हातात घेतलं, चष्मा वर केला आणि वाचून दाखवलं. पुस्तक त्या म्हाताऱ्याच्या आजोबांचं होतं. वेरूळची लेणी बघायची असतील तर मुंबईहून रेल्वेनं नांदगावला यावं, तिथून टांगा करावा, असं त्यात छापलं होतं. म्हातारा अक्षरशः तसाच आला होता. त्याचं काही चुकलं नव्हतं, फक्त यायला शंभर वर्षं उशीर झाला होता. मी त्याला वेरूळचं तिकीट फाडून दिलं, पंच केलं आणि डबल बेल मारली.

त्या दिवशी मला पहिल्यांदा कळलं, की आपलं गाव कधीकाळी कशाचं तरी दार होतं.

मी एस.टी.त चौतीस वर्षं कंडक्टर होतो. मूळचा नांदगावचा, निवृत्तीनंतरही इथंच आहे. शाकांबरी आणि लेंडी या दोन नद्यांच्या बेचक्यात आमचं गाव बसलंय. एरवी या नद्यांमध्ये पोरं क्रिकेट खेळतात. 2021 च्या सप्टेंबरात मात्र दोघी मिळून बाजारपेठेत शिरल्या आणि दुकानांतला माल घेऊन गेल्या. बाकी आमचा तालुका म्हणजे कांदा, मका, कपाशी आणि पाण्याची ओरड. बाहेरच्या माणसाला आमच्याबद्दल एवढंच ठाऊक असतं, की मनमाड गेलं की 26 किलोमीटरवर एक स्टेशन लागतं आणि त्याची गाडी तिथं थांबत नाही.

नोकरीत असताना प्रवासी विचारायचे, "मास्तर, इकडं बघण्यासारखं काय आहे?" मी ट्रेमधून मान वर न काढता सांगायचो, "काही नाही. पुढं वेरूळ आहे." चौतीस वर्षं मी हे उत्तर दिलं. ज्या फाट्यांची नावं मी रोज घसा ताणून ओरडत होतो, त्यांतल्या एकाही फाट्यावर मी स्वतः उतरलो नव्हतो. निवृत्तीनंतर उतरायला लागलो. हा लेख म्हणजे त्या चुकीची भरपाई समजा.

आधी त्या म्हाताऱ्याच्या पुस्तकाचं सांगतो. 1860 च्या दशकात जीआयपी रेल्वेनं कसाऱ्याचा घाट चढून मनमाड, नांदगाव, चाळीसगाव, भुसावळ अशी लाइन टाकली. 1870 मध्ये हीच लाइन जबलपूरला कलकत्त्याकडच्या लाइनला जोडली गेली. ज्यूल व्हर्नच्या ऐंशी दिवसांत जगाची फेरी मारण्याच्या कादंबरीतला साहेब 1872 साली मुंबईहून बऱ्हाणपूरकडं याच रुळांवरून जातो. अर्थात, नांदगावला तोही उतरला नाही! पण वेरूळ, दौलताबाद, औरंगाबाद बघायला निघालेले खरे साहेब मात्र आमच्याकडं उतरायचे. इथून टांगा किंवा बैलगाडी करायची, दक्षिणेचा घाट चढायचा, की निजामाचं राज्य लागायचं. वेरूळ सत्तरेक किलोमीटरवर. वाटेवरच्या एका गावाचं नाव आजही शिऊर बंगला आहे. मी ते हजारो वेळा ओरडलो, पण गावाच्या नावात बंगला कुठून आला असेल हा प्रश्न मला कधी पडला नव्हता.

मग निजाम सरकारनं मनमाडहून औरंगाबाद, जालना, परभणी, नांदेडमार्गे सिकंदराबादपर्यंत मीटरगेज लाइन टाकली. 1900 च्या सुमारास ती सुरू झाली आणि आमचे टांगे बसले. एका लाइननं गावाला दार केलं, दुसरीनं ते बंद केलं. ही तक्रार नाही. वाटा अशाच सरकतात. आणि आमच्या आसपास बघण्यासारखं जे काही आहे, ते सगळं अशा सरकत्या वाटांनीच मागं टाकलेलं आहे. लेणी, किल्ले, शिलालेख यांतलं बरंचसं जाणाऱ्या-येणाऱ्याच्या पैशावर उभं राहिलं. माझ्यासारख्या तिकीट फाडणाऱ्याला हे उशिरा उमगलं, याचंच नवल.

सुरुवात अनकाईपासून करा. तसा हा किल्ला येवला तालुक्यात, पण मनमाडहून दहाएक किलोमीटरवर आहे आणि आमच्या गच्चीवरून आकाश स्वच्छ असलं की दिसतो. अनकाई आणि टनकाई हे दोन डोंगर एका खिंडीनं जोडलेले आहेत आणि दोघांना मिळून तटबंदी आहे. पायथ्याशी अनकाई गाव, गावाजवळ अनकाई स्टेशन. त्या निजामाच्या लाइनवरचंच. आता ती ब्रॉडगेज झालीय.

गावातून टनकाईच्या बाजूला दहा मिनिटं चढलं की जैन लेणी लागतात. सात आहेत. वेरूळच्या मानानं अगदी चिमुकली, साधारण अकराव्या-बाराव्या शतकातली. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा बाहेरून बघून परत फिरणार होतो. दगडाचे दोन कोनाडे, त्यात काय बघायचं? सोबत नात होती. ती आत जाऊन जमिनीवर सरळ उताणी झोपली आणि म्हणाली, "आबा, छत बघा." मीही झोपलो. गुडघ्यांचा प्रश्न होता, पण झोपलो. वर दगडात एक भलंमोठं कमळ कोरलेलं. पाकळ्यांची एक ओळ, तिच्या बाहेर दुसरी, आणि पाकळ्यांवर वीतभरही नसलेल्या मूर्ती. कुणी नाचतंय, कुणी वाद्य वाजवतंय. आठ-नऊशे वर्षं ही मंडळी वर वाजवत बसली आहेत आणि खालून जाणारे आम्ही समोर बघून चालत राहिलो. दुसऱ्या एका लेण्यात इंद्र आणि अंबिका आहेत. दारांच्या चौकटींवर इतकी गर्दी, की आषाढीच्या जादा गाडीची आठवण यावी. मूर्तींचे चेहरे बरेच झिजलेत, काही फोडलेले आहेत. खांबांवर मात्र अजून छिन्नीची धार कळते.

तिथून खिंडीत चढून डावीकडं वळलं, की अनकाईचा किल्ला. कातळात खोदलेल्या पायऱ्या आणि एकामागून एक दरवाजे. चढताना दमून एका दरवाजाच्या सावलीत बसलो, तेव्हा किल्ला इथंच का बांधला ते समजलं. खालून मनमाड-येवल्याचा रस्ता आणि रेल्वे एकाच फटीतून जातात. ही फट ज्याच्या ताब्यात, त्याच्या ताब्यात उत्तर-दक्षिणेची सगळी वाहतूक. माझ्या भाषेत सांगायचं तर हा चेकिंगचा नाका! 1635 मध्ये शाहजहानच्या फौजेनं हा किल्ला घेतला. 1666 मध्ये सुरतेला उतरलेला फ्रेंच प्रवासी थेवेनो औरंगाबादकडं निघाला, त्याच्याही प्रवासवर्णनात अनकाईचा टप्पा आहे. आणि एप्रिल 1818 मध्ये इंग्रजांचा कर्नल मॅक्डॉवेल फौज घेऊन आला, तेव्हा गोळी न झाडता किल्ला त्याच्या हवाली झाला. एवढा अवघड डोंगर आणि शेवट असा. माथ्यावर उभं राहिलं, की याचं वाईट वाटतं.

माथ्यावर तळं आहे, वाड्याचे पडके अवशेष आहेत आणि अगस्ती ऋषींचं स्थान आहे. वनवासात राम इथं अगस्तींना भेटला असं आमच्याकडं सांगतात. अकोल्याचे लोक म्हणतात, अगस्ती आमचे. मी दोघांचं मान्य करतो. ऋषी फिरतीवर असणार.

अनकाईवर माकडं फार. पहिल्या खेपेला मी हातात पिशवी घेऊन गेलो आणि दुसऱ्या दरवाजापाशी भाकरी, शेंगदाण्याची चटणी आणि पाण्याची एकुलती एक बाटली त्यांच्या स्वाधीन करून बसलो. महिना मे. वर जाऊन उतरेपर्यंत जीभ टाळ्याला चिकटली होती. गावातल्या एका माउलीनं तांब्याभर पाणी दिलं. वर ऐकवलंही, "या वयात, या उन्हात कशाला मरायला गेला होता?" बरोबर बोलली. तेव्हापासून मी सप्टेंबर ते फेब्रुवारी सोडून तिकडं पाय टाकत नाही.

किल्ल्यावरून मनमाडच्या बाजूला अंगठ्यासारखा उभा एक सुळका दिसतो. ही हडबीची शेंडी. रेल्वेतून जाणाऱ्या प्रत्येकानं ती पाहिलेली असते, नाव मात्र माहीत नसतं. लांबूनच बघा. दोर, साधनं आणि जाणता माणूस सोबत नसताना त्यावर चढायला जाऊ नका. तिथं जीव गेलेले आहेत.

हे असले डोंगर आमच्याकडंच कसे, असं नातीनं विचारलं होतं. तिच्या पुस्तकात होतं तेच मी मग बांधाबांधानं जाऊन बघितलं. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांतून लाव्हा वाहिला, थंड झाला, त्यावर पुन्हा वाहिला. असे थरावर थर बसले. काही थर टणक, काही भुसभुशीत. पावसानं भुसभुशीत थर आधी झिजवले आणि टणक थर कड्यासारखे उभे राहिले. म्हणून आमचे डोंगर लांबून पायऱ्या पाडल्यासारखे दिसतात. लेणी खोदणाऱ्यांनी आणि किल्ले बांधणाऱ्यांनी निसर्गाच्या या पायऱ्या फक्त वापरल्या.

नांदगावच्या दक्षिणेला याच डोंगरांची भिंत आहे, सातमाळा-अजिंठ्याची रांग. कासारीच्या पुढचा घाट चढला की बोलठाण, जातेगाव ही गावं लागतात. या भागाला आम्ही नुसतं घाटमाथा म्हणतो. बोलठाणची मुक्कामी गाडी माझ्याकडं बरीच वर्षं होती. रात्री गाडी लावायची, डबा खायचा आणि टपावर सतरंजी टाकून झोपायचं. नांदगावात उकाड्यानं जीव जात असला, तरी वर अंगावर पांघरूण लागायचं. तिथल्या एका म्हाताऱ्या शेतकऱ्यानं एकदा शेताच्या चढावर उभं करून मला सांगितलं, "कंडक्टर, इकडं पडलेला पाऊस सुरतेला जातो आणि तिकडं पडलेला पैठणला." मला वाटलं, गंमत करतोय. पण खरं आहे. उत्तरेकडचं पाणी आमच्या नद्यांतून गिरणेत, गिरणेतून तापीत आणि तापीतून सुरतेजवळ अरबी समुद्रात जातं. दक्षिणेकडचं गोदावरीला मिळून पार बंगालच्या उपसागरात. एकाच सरीची दोन तिकिटं, आणि दोन्ही शेवटच्या स्टॉपची!

जातेगावच्या डोंगरावर पिनाकेश्वर महादेवाचं देऊळ आहे. श्रावणात इथं जत्रा भरते. त्या दिवसांत गाडीत पाय ठेवायला जागा नसायची, लोक टपावर चढायचे आणि मी घसा बसेपर्यंत ओरडायचो. तुम्ही मात्र श्रावण सरल्यावर जा. गवत कमरेएवढं झालेलं असतं, डोंगर पिवळे व्हायच्या बेतात असतात आणि देवळात तुम्ही आणि देव, एवढेच. खाली माणिकपुंजचं धरण आहे आणि त्याच नावाचा छोटा किल्लाही. किल्ल्यावर बांधकाम फारसं उरलेलं नाही, टाकी आहेत. पण संध्याकाळी धरणाच्या पाण्यावर डोंगराची सावली पडते, त्यासाठी तासभर थांबायला हरकत नाही.

आता जे मला सगळ्यात जास्त आवडलं ते. पितळखोरं. हे आमच्या जिल्ह्यातही नाही. कन्नड तालुक्यात, गौताळा अभयारण्याच्या रानात. चाळीसगावहून कन्नडचा घाट चढून जावं लागतं. त्या घाटाला जुन्या नोंदीत औट्रम घाट म्हणतात, खानदेशात भिल्ल पलटण उभारणाऱ्या औट्रम साहेबाच्या नावावरून. अभयारण्याचं क्षेत्र 260 चौरस किलोमीटर आहे आणि 1986 मध्ये ते जाहीर झालं. वेरूळ-अजिंठ्याला दिवसाला हजारो माणसं जातात. पितळखोऱ्यात मी तीनदा गेलो आणि तिन्ही वेळा आमच्याखेरीज तिथं पहारेकरी तेवढा होता.

लेणी दरीच्या पोटात आहेत. वरून पायऱ्या उतरत जायचं, मधला ओढा ओलांडायचा. पावसाळ्यात समोरच्या कड्यावरून धबधबा पडत असतो. इथली सगळ्यात जुनी कामं इसवी सनापूर्वीची, म्हणजे वेरूळचं कैलास लेणं खोदायला घेतलं तेव्हा पितळखोरं आठशे-नऊशे वर्षांचं म्हातारं झालेलं होतं. इथला दगड ठिसूळ निघाला. कित्येक लेण्यांचं तोंड कोसळलंय, छत खाली आलंय. त्यामुळं पहिल्या नजरेत पडझड दिसते आणि माणूस हिरमुसतो. जरा थांबा. एका विहाराच्या जोत्याला हत्तींची रांग कोरलेली आहे. हत्ती समोरून तुमच्याकडं बघतात, जणू सगळा विहार त्यांनी पाठीवर उचललाय. त्यांच्या शेजारच्या दारावर हातात शस्त्रं घेतलेले दोन द्वारपाल आहेत. त्यांची वेशभूषा एवढ्या तपशिलात कोरलीय, की शिंप्यानं मापं घ्यावीत. बाजूला पाच फण्यांचा नाग आहे. त्याच्या फण्यांना भोकं आहेत आणि मागून दगडात पन्हळ खोदलीय. वरून पाणी सोडलं की फण्यांतून धार निघावी, अशी ती योजना. दोन हजार वर्षांपूर्वी कुणाला तरी वाटलं, की चढून आलेल्या वाटसरूच्या पायावर पाणी पडावं. एवढी सोय आज आम्हाला बसस्थानकात मिळाली तरी पुष्कळ.

इथं सापडलेली एक यक्षाची मूर्ती आता दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. बुटका, पोट सुटलेला, डोक्यावर पाटी धरलेला आणि तोंडभर हसणारा. मी फोटोत बघितलाय. अगदी आमच्या बसस्थानकावरचा हमाल. त्याच्या हातावर घडवणाऱ्याचं नाव आहे, कण्हदास. सोनार होता. सोनारानं दगड घडवला, म्हणून ते हसू इतकं नाजूक उतरलं असावं, असा माझा अंदाज.

आणि लेण्यांतले शिलालेख वाचणारे सांगतात, की खोदकामाला पैसे देणारे बरेच जण पैठणचे होते. एक अत्तरं विकणारा मित्रदेव. एक राजवैद्य मगिल आणि त्याची मुलंबाळं. पैठणच्या अत्तरवाल्याचं या रानात काय काम? तर, वाट. इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या एका ग्रीक व्यापारी वृत्तांतात पैठण भडोचच्या बंदरापासून वीस दिवसांच्या अंतरावर असल्याचं लिहिलंय. पैठणचा माल बंदराला न्यायचा तर ही डोंगररांग ओलांडावीच लागणार. घाटाच्या तोंडाशी भिक्खूंचा मठ, मठात मुक्काम, आणि धंदा बरा झाला की परतीच्या वाटेवर एखाद्या खांबाचा खर्च. थोडक्यात, ही त्या काळची मुक्कामी गाडी.

पितळखोऱ्याच्या डोंगराखाली, जळगाव जिल्ह्याच्या बाजूला पाटणादेवी आहे. चाळीसगावहून अठरा किलोमीटर. चंडिकेचं जुनं दगडी देऊळ, भोवती डोंगराचा अर्धगोल, पावसाळ्यात धबधबे. नवरात्रात इथं मुंगीला वाव नसतो. पण देवीच्या दर्शनाला आलेल्यांतल्या दहा जणांना विचारा, नऊ जणांना माहीत नसतं की हे गणिताचंही तीर्थ आहे. लीलावती लिहिणारे भास्कराचार्य 1114 साली जन्मले. त्यांचा नातू चांगदेव यादव राजा सिंघणाच्या दरबारी ज्योतिषी होता. त्यानं आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी इथल्या पाटण गावी मठ काढला आणि निकुंभ वंशाच्या स्थानिक राजांनी त्याला दान दिलं. हे सगळं शके 1128, म्हणजे इसवी सन 1206-07 च्या शिलालेखात आहे. डॉ. भाऊ दाजी लाड यांनी 1860 च्या दशकात तो विद्वानांसमोर मांडला.

लेख संस्कृतात आहे, पण शेवटचा भाग जुन्या मराठीत आहे. आणि त्यात काय असावं? हिशोब! पाटणच्या बाजारात जो माल विकला जाईल त्यावर गिऱ्हाइकाकडून राजाला मिळणारा हिस्सा मठाला द्यावा, घाण्याच्या तेलाचा वाटा द्यावा, असली कलमं. श्लोक संस्कृतात चालतात, पण पैशाची गोष्ट आली की सगळ्यांना कळेल अशा भाषेत लिहावी लागते. रोज रात्री वे-बिलाचा हिशोब जुळवल्याशिवाय ज्याला घरी जाता आलं नाही, त्या माणसाला हे वाचून केवढा आनंद झाला असेल! भास्कराचार्यांच्या नावानं चालणारी शाळा बाजारच्या करावर चालत होती.

चाळीसगावला गेलातच, तर स्टेशनाजवळ कलामहर्षी केकी मूस यांचं घर बघितल्याशिवाय परतू नका. 1912 ला मुंबईत जन्मलेले हे पारशी गृहस्थ विलायतेत कला शिकून चाळीसगावला आले आणि पुढची पन्नासेक वर्षं घराचा उंबरा जवळपास ओलांडलाच नाही. घरात बसून त्यांनी टेबलावर कापूस, वाळू, काड्या मांडून बर्फाचे डोंगर आणि वाळवंटं उभी केली आणि त्यांचे फोटो काढले. तीनशेच्या वर बक्षिसं मिळवली. लोक सांगतात, की मुंबईहून कुणीतरी पंजाब मेलनं येईल असं वचन होतं, म्हणून ती गाडी यायच्या वेळेला ते रोज दार उघडून ठेवत. पंजाब मेल सुरू झाली तीही 1912 मध्येच. मूस 31 डिसेंबर 1989 रोजी गेले. घराचं आता संग्रहालय झालंय. मी आत गेलो तेव्हा बाहेरून गाडीची शिटी ऐकू आली. तिथला माणूस बोलता बोलता एक क्षण थांबला, बहुतेक सवयीनं.

परतीच्या वाटेवर नस्तनपूर लागतं, आमच्याच तालुक्यात. पडक्या भुईकोटाला लागून शनीचं देऊळ. भाविक याला साडेतीन शनिपीठांपैकी एक मानतात आणि मूर्तीची स्थापना रामानं केली असं सांगतात. शनी अमावस्येला जादा गाड्या सोडाव्या लागतात, एवढी गर्दी. मला स्वतःला देवळापेक्षा त्या भुईकोटाचे बुरूज आवडतात. खोजा राजाचा किल्ला म्हणून तो ओळखला जातो, आता पोरं त्यावर बसून मोबाइल बघतात.

गिरणा धरणही आमच्याच तालुक्यात, 1969 चं. पाणी मुख्यतः जळगाव जिल्ह्याच्या कालव्यांना जातं. नांदगावसह छप्पन्न खेड्यांची पिण्याची योजनाही त्याच्यावरच आहे, आणि तरीही उन्हाळ्यात आमच्या नळाला पाणी कधी येईल याचा नेम नसतो. हा विषय काढला की माझा रक्तदाब वाढतो, म्हणून पुढं जातो.

येवल्याच्या रस्त्याला राजापूर-ममदापूरचं माळरान आहे. सुमारे 54 चौरस किलोमीटरचं काळविटांसाठी राखलेलं क्षेत्र. वाघसिंह नाहीत, जंगलही नाही, नुसतं गवत आणि खडक. पण पहाटे गेलात तर कळप दिसतो. नराची पाठ काळीभोर, शिंगं पिळदार, आणि पळायला लागला की जमिनीला पाय लागतात की नाही अशी शंका यावी. एकदा पहिल्या गाडीच्या समोरून सतरा-अठरा हरणं एका पाठोपाठ रस्ता ओलांडून गेली. ड्रायव्हरनं इंजिन बंद केलं. गाडीत चाळीस माणसं, एरवी मिनिटभर उशीर झाला की शिव्या घालणारी. कुणी चकार शब्द काढला नाही. फक्त मागच्या सीटवरचा एक शेतकरी पुटपुटला, "माझा हरभरा खाऊन चाललेत साले." दोन्ही बाजू खऱ्या आहेत.

आता थोडं कामाचं. मुक्काम मनमाड किंवा चाळीसगावला करा, तिथं राहायची सोय होते. मनमाडला गुप्तसर साहिब गुरुद्वारात लंगर असतो. डोकं झाकून, हात धुऊन बसा, कुणी जात विचारत नाही. अनकाईला अर्धा दिवस, पितळखोरं आणि पाटणादेवीला एक पूर्ण दिवस, घाटमाथ्याला एक संध्याकाळ ठेवा. पितळखोऱ्याच्या पायऱ्या पावसात निसरड्या होतात, चपला घालून जाऊ नका. अभयारण्यात वनखात्याच्या चौकीवर नोंद करा आणि अंधाराआधी बाहेर पडा. प्रत्येकी दोन लिटर पाणी घरून न्या, आणि अनकाईला पिशवी पाठीवर घ्या, हातात नको. आणि एक हात जोडून विनंती. लेण्यांच्या भिंतीवर बदामात नावं कोरू नका. कण्हदासानं कोरलं ते मूर्ती घडवल्यावर.

एस.टी.नं येणार असाल तर कंडक्टरला आधीच सांगून ठेवा, कुठल्या फाट्यावर उतरायचं ते. त्याला वाटेल, तिथं काही नाही. तरी बेल मारायला लावा.